पंचासाठी आणलेली सायकल

हे सगळं मी सांगतो तसंच घडलं होतं का, याची मला खात्री नाही. शहाण्णव साल होतं की सत्त्याण्णव, यावर माझं आणि माझ्या मुलाचं, चेतनचं, अजून एकमत झालेलं नाही. थंडीचे दिवस होते हे नक्की, कारण वांगी चांगली मिळत होती असं उषाबाई म्हणतात. (उषाबाई म्हणजे माझी पत्नी. बोलताना मी तिला एकेरी हाक मारतो, लिहिताना अहो-जाहो करतो. कारण लिहिलेलं ती वाचते.) पाहुण्या संघाच्या देशाचं नाव मी मुद्दाम देत नाही. मला दोन नावं आठवतात, आणि त्या दोन देशांचं आपसात पटत नाही.

आधी माझ्याबद्दल. मी आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं. डॉक्टरेटही त्यातच केली. प्रबंधाचा विषय होता, अपुऱ्या पुराव्यावरून काढलेली अनुमानं. (तो प्रबंध माझ्या मार्गदर्शकांखेरीज कुणी वाचल्याचा पुरावाही अपुराच आहे.) निवृत्त झाल्यावर धुळ्याचं घर बंद करून आम्ही दोघं सुरतेला चेतनकडे आलो. पर्वत पाटियाच्या अलीकडे त्याचं साड्यांना लेस लावून देण्याचं काम होतं. आमची गिरणा सोसायटी जवळजवळ सगळी खानदेशची. कुणी लूमवर, कुणी डाइंग मिलमध्ये, कुणी मार्केटात साड्यांच्या घड्या घालायला. त्यात नावामागे डॉक्टर लावणारा मी एकटा, म्हणून लोक मला काहीही विचारायचे. गॅसचा नंबर कधी लागेल, मुलीला कोणतं इंजेक्शन द्यावं, मीटर जास्त का फिरतं. मला काहीच येत नसे. मग मी 'समजा' म्हणून सुरुवात करायचो, आणि बहुतेक लोक तेवढ्यावर समाधान मानून जायचे.

एका रविवारी सुशांत आला. शेजारच्या चाळीतल्या भिवाजींचा मुलगा. बापलेक दोघंही रेल्वेत, पण सुशांतला नोकरी लागली ती फुटबॉलवर. रेल्वेच्या संघातून खेळायचा.

"सर, एक काम होतं. नाही म्हणू नका."

काम असं होतं. एक परदेशी संघ कसल्याशा आंतरराष्ट्रीय स्पर्धेच्या पात्रता फेरीचा भारताविरुद्धचा सामना खेळायला बसनं उत्तरेकडे चालला होता. वाटेत सुरतेला मुक्काम, रेल्वेच्या मुलांशी एक सरावाचा सामना. इथल्या फुटबॉलवाल्यांच्या समितीला वाटत होतं की पाहुण्यांचं स्वागत हॉटेलात न होता एखाद्या वस्तीत व्हावं. चौऱ्याण्णवच्या प्लेगनंतर सुरतेचं नाव काढलं की लोक नाकाला रुमाल लावायचे. आता शहर चकाचक झालं होतं. ते कुणीतरी बाहेरच्यानं येऊन बघायला हवं होतं.

"फक्त चहा-बिस्कीट, सर. पंधरा मिनिटं. तुम्ही इंग्लिशमध्ये दोन शब्द बोला. बस, पती गयू, काम झालं."

मी हो म्हणालो. इंग्रजीत दोन शब्द बोलायची संधी मला निवृत्तीनंतर मिळाली नव्हती.

संध्याकाळी मी हे लोटूभाऊंच्या कानावर घातलं. लोटूभाऊ लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात मास्तर, आणि सोसायटीतल्या प्रत्येक गणपती, बारसं, दहाव्याचे मालक. त्यांनी तंबाखू मळता मळता चौकशी केली.

"किती माणसं, सर?"

"पंचवीस-तीस असतील."

"सगळा एकच बसमा?"

"एकाच."

"कपडा?"

"सगळ्यांचे सारखे असतात, म्हणे."

"मधमा एक मुख्य पोऱ्या ऱ्हास?"

"कॅप्टन. हो, असतो."

"आनी त्याना वर एक वडीलधारा माणूस?"

"मॅनेजर."

लोटूभाऊंचा हात थांबला. त्यांनी मळलेली तंबाखू गालात टाकली. मग म्हणाले, "सर, हाई ते वऱ्हाड शे."

"समजा," मी म्हणालो.

तर्कशास्त्रात 'समजा' म्हणजे घटकाभर धरून चालायचं आणि मग सोडून द्यायचं. लोटूभाऊंनी ते सोडलं नाही.

त्याला कारण होतं. लोटूभाऊंच्या थोरल्या मुलीचं, हर्षदाचं लग्न चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात आमच्याच सोसायटीत व्हायचं होतं. मंडपवाला ठरला होता, मानपानाच्या टॉवेल-टोप्या आणून झाल्या होत्या. मध्ये प्लेग आला. आला तसा गेलाही. पण मुलाकडच्यांनी निरोप धाडला की आम्ही सुरतेचं पाणी पिणार नाही, मुलगी घेऊन तुम्हीच आमच्या गावी या. लोटूभाऊ गेले. लग्न झालं, मुलगी सुखात आहे. पण टॉवेल-टोप्यांची ट्रंक पलंगाखाली तशीच राहिली, आणि घरात काही शुभ निघालं की लोटूभाऊ एक वाक्य म्हणायचे, "मन्हा दारशी वऱ्हाड उनंच नही." त्यांच्याकडेच काय, दोन वर्षं कुणाकडेच कुणी येत नव्हतं. माझे सख्खे साडू मुंबईहून जाताना स्टेशनवर भेटले, तेही गाडीच्या दारातून, आणि पाण्याची बाटली त्यांची स्वतःची.

म्हणून सामना कोण जिंकणार याच्याशी लोटूभाऊंना काही देणंघेणं नव्हतं. बसमधून उतरलेला एकूण एक माणूस आपल्या दारात पाणी पिऊन, पोटभर जेवून गेला पाहिजे, एवढंच त्यांनी धरलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून चहाबरोबर पोहे आले. पोह्यांच्या पाठोपाठ शिरा आला. वऱ्हाड शिऱ्यावर वाटेला लावतात का, असं कुणीतरी विचारलं, आणि सुपडू आचाऱ्याला बोलावणं गेलं. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्यांची भाजी ठरली. खानदेशात लग्न म्हटलं की हेच. वर्गणी मागावी लागली नाही. तूप तर लोकांनी आपण होऊन आणून दिलं. चिंधा बँडवाल्यानं फुकट वाजवायचं कबूल केलं, फक्त त्याला लग्नाखेरीज दुसरं काही वाजवता येत नाही हे आधीच सांगितलं.

"आनी घोडा?" लोटूभाऊंनी विचारलं.

"घोडा नको."

"नवरदेवले पायी आणशात?"

"लोटूभाऊ, तो फुटबॉल खेळतो. त्याला पायांची सवय आहे."

घोडा मी थांबवला. त्या संपूर्ण प्रकरणात माझी म्हणून सांगावी अशी कामगिरी ही एवढीच.

सुशांतचा मध्ये एकदा फोन आला. "चहाचं बघितलं ना, सर?"

"बघितलं," मी म्हणालो. (मी खोटं बोललो नाही. चहाही होता.)

ठरल्या दिवशी दुपारी बस आली. गल्ली अरुंद, म्हणून ती नाक्यावरच थांबली. मी माझा चार पानी इंग्रजी मजकूर घेऊन पुढे झालो, तेवढ्यात बँड सुरू झाला. दारातून पहिला सुशांत उतरला. त्यानं मंडप बघितला, केळीचे खांब बघितले, फेटे बांधून उभे असलेले लोटूभाऊ आणि त्यांचे भाऊबंद बघितले.

"सर, हे काय आहे?"

"चहा," मी म्हणालो.

तो आणखी काही बोलणार होता. पण मागून ड्रायव्हरनं ओरडून सांगितलं की मागचा टायर बसलाय. दोघं चाक काढून रिक्षात घालून पाटियाकडे पळाले. मुंबईपासून पाहुण्यांबरोबर असल्यानं त्यांची भाषा थोडीफार समजू लागलेला एकुलता एक माणूस असा टायरमागे गेला.

आणि गंमत म्हणजे त्याची गरजच पडली नाही. मी हे सगळं बाजूला उभा राहून बघत होतो, आणि मला खरोखर कुतूहल वाटत होतं की आता ही परकी माणसं काय करतील. त्यांना यातलं काहीच माहीत नाही. मॅनेजर पुढे आला. धिप्पाड, पांढऱ्या केसांचा. लोटूभाऊंनी व्याहीभेटीसारखी त्याला कडकडून मिठी मारली आणि रीतीप्रमाणे जमिनीपासून वीतभर उचलला. मॅनेजर क्षणभर गोंधळला. मग त्यानं लोटूभाऊंना उचललं, ते थेट खांद्याच्या उंचीपर्यंत, आणि तिथेच धरून ठेवलं. लोकांनी टाळ्या पिटल्या.

"याही जोरदार शे!" वरून लोटूभाऊच ओरडले.

बायकांनी कॅप्टनला पाटावर बसवलं आणि पाय धुवायला बूट काढले, तेव्हा मात्र त्यांचा मालिशवाला हात उंचावत धावत आला. कॅप्टनच्या अंगठ्याला पट्टी होती. उषाबाईंनी ती पट्टी सोडली, आत बघितलं, "काय हे, याच्या आईला कोणी सांगितलं का?" असं मराठीत विचारलं, आणि गरम तेलात हळद कालवून लावली. कॅप्टननं पाय मागे घेतला नाही. उलट डोळे मिटून घेतले. ते पाहून बाकीच्या पोरांनी भराभर बूट काढले आणि पाटापुढे रांग लावली. बायकांची मात्र पंचाईत झाली. रीतीत एकच नवरदेव असतो.

मी मजकूर उघडला. उषाबाईंनी हळदीच्या हातानं तो मिटला. "लोकांना जेवू द्या आधी. मग वाचा किती वाचायचं ते."

पंगत बसली. फुटबॉलवाल्यांचे पाय लांब. मांडी घालायला जमेना, म्हणून शेवटी पत्रावळी पायांमध्ये ठेवून ते बसले. सुपडूनं मधोमध उभं राहून बट्टी कशी कुस्करायची, वर वरण कसं ओतायचं, त्यावर तूप कुठवर, हे करून दाखवलं. पहिल्या घासानंतर कुणाला काही शिकवावं लागलं नाही. गोलकीपरचे हात तर त्याच कामासाठी घडवलेले असावेत असे. पोट भरल्यावर ते त्यांच्या भाषेत काहीतरी म्हणत होते. त्याचा अर्थ 'पुरे' असावा. पण आपल्याकडे 'पुरे' म्हणजे पुरे नसतं, तेव्हा वाढणं चालूच राहिलं. लोटूभाऊ पंगतीतून पाण्याचा जग घेऊन फिरत होते. दुसऱ्या कुणाला ते जगाला हात लावू देत नव्हते. प्रत्येक पेला भरायचा, आणि तो माणूस पिईपर्यंत समोर उभं राहायचं.

फिरता फिरता ते थांबले.

"तो कोण शे?"

पाण्याच्या टाकीजवळ, कडुनिंबाखाली, एका लोखंडी खुर्चीवर एक माणूस बसला होता. पस्तिशीचा. बाकी सगळे निळ्या ट्रॅकसूटमध्ये. हा तपकिरी कोटात. पंगतीकडे पाठ करून बसलेला. अधूनमधून घड्याळ बघायचा.

लोटूभाऊंनी त्याच्यापुढे पाणी नेलं. त्यानं मान हलवली. ताट नेलं. त्यानं मान फिरवली.

सुपडूनं दुरूनच, हातातला डाव न ठेवता, निदान केलं. "रुसना."

तो शब्द पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. रुसला, रुसला. बँड आपोआप थांबला. मी लोकांचे चेहरे पाहिले, आणि खरं सांगतो, त्यांवर काळजीच्या आधी एक प्रकारची ओळख पटल्याची खूण दिसली. इतका वेळ या वऱ्हाडात काहीतरी कमी होतं. मुलाकडची इतकी माणसं आली, आणि कुणी रुसलं नाही, असं कुठं असतं? आता वऱ्हाड पुरं झालं होतं.

पण लोटूभाऊंचा चेहरा उतरला. "पाणी बी पिना नही," ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले. "सर, पाणीसुद्धा नही." इतरांना हा नेहमीचा रुसवा वाटत होता, लोटूभाऊंना तो दोन वर्षांपूर्वीचा निरोप वाटत होता.

रुसलेल्याची समजूत कशी काढायची हे मात्र आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. लोटूभाऊंनी पलंगाखालच्या ट्रंकेतली टॉवेल-टोपी आणली आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरली. माणसानं मान हलवली. मग पँट-शर्टाचं कापड आलं. ते त्यानं हातात घेतलं, बोटांनी चाचपलं, उजेडात धरून बघितलं आणि परत दिलं.

"कापडातलं कळतं त्याला," चेतन माझ्या कानाशी म्हणाला. "मिक्स आहे, लगेच ओळखलं."

मग लोटूभाऊंनी आपल्या मनगटावरचं घड्याळ काढलं. माणसानं बाही वर करून आपलं दाखवलं.

"सायकल मांगत व्हई," मागून एक म्हातारी म्हणाली. "मन्हा जवाई बी असाच बठना व्हता. सायकल दिधी, तव्हय उठना."

"वाल्मिकनी सायकल आणा!" लोटूभाऊ गरजले.

"बापू, मन्ही सायकल?" वाल्मिक, त्यांचा मुलगा, कॉलेजला जाऊ लागला म्हणून त्याला नुकतीच घेतली होती.

"तुले दुसरी लई दिसू. आण आधी!"

इकडे सायकल धुवायला घेतली आणि तिकडे मी ओट्यावर बसून विचार करू लागलो. हीच चूक झाली. या माणसाबद्दल मला कुतूहल वाटू लागलं होतं. वस्तीचं आपलं ठरलं होतं. पण मी तर्कशास्त्राचा माणूस. मला रुसवा हे कारण पटेना. मी पुरावा मांडला. याचा पोशाख संघाचा नाही, म्हणजे हा संघातला नाही. तरी हा त्यांच्याबरोबर आला आहे, म्हणजे सामन्याशी याचा संबंध आहे. हा अन्न घेत नाही, पाणी घेत नाही, भेट घेत नाही. म्हणजे याला कसलातरी नियम आडवा येतो. आणि हा सारखा घड्याळ बघतो. आता, जो सामन्यात असतो पण कुठल्याच संघाचा नसतो, ज्याला कुणाकडून काही घेता येत नाही, आणि ज्याला वेळेची काळजी असते, असा माणूस कोण?

पंच!

मला इतका आनंद झाला की काय सांगू. इतकी वर्षं तर्कशास्त्र शिकवलं, पण ते कुठं उपयोगी पडलेलं मी स्वतः पाहिलं नव्हतं. हे पहिलंच.

आनंद फार तर अर्धा मिनिट टिकला असेल. कारण मग मी मान वर केली, आणि वाल्मिकची सायकल मंडपातून येताना दिसली. हँडलला झेंडूचा हार, मडगार्डला हळद-कुंकू, पुढे चिंधाचा बँड, मागे लोटूभाऊ हात जोडून. एका आंतरराष्ट्रीय सामन्याच्या पंचाला, सामन्याच्या आधी, भर दुपारी, वाजतगाजत सायकल दिली जात होती. आणि स्वागत समितीचा अध्यक्ष म्हणून मंडपाच्या दारातल्या फळ्यावर माझं नाव होतं, डॉक्टर या उपाधीसकट.

माझ्या डोळ्यांपुढे काय काय आलं! भारत स्पर्धेबाहेर. वर्तमानपत्रात माझा फोटो. (तोही पासपोर्टचा; त्यात मी आधीच गुन्हेगार दिसतो.) माझी पेन्शन बंद. मी चपला न घालताच धावलो.

मी पोहोचेपर्यंत तो माणूस उठला होता. तो सायकलभोवती फिरला. पुढचा टायर दाबून पाहिला. सीटवर हात फिरवला. मग त्यानं घंटीवर अंगठा ठेवला आणि वाजवली. ट्रिंग! त्याचा चेहरा सैल झाला. लोटूभाऊंनी मागे हात करून खूण केली, आणि सुपडू ताट घेऊन पुढे सरकला.

"नो, नो!" मी ओरडलो. "सर, प्लीज! नॉट फॉर यू!"

आणि मी सायकलचं हँडल धरून ओढलं.

त्यानं सोडलं नाही. मी ओढतोय, तो ओढतोय, घंटी वाजतेय. निःपक्षपाती माणूस सायकल इतकी घट्ट का धरतो, हा प्रश्न मला त्या क्षणीसुद्धा पडला होता. पण तो माझ्या पुराव्यात कुठं बसेना, म्हणून मी तो सोडून दिला. मी त्याला पंचाचं पावित्र्य, नियमांचं महत्त्व, आमच्या अशिक्षित बांधवांचा भाबडेपणा हे सगळं इंग्रजीत समजावलं. मजकूर तसा वेगळ्या प्रसंगासाठी तयार होता, पण बरीच वाक्यं इथंही चालली. तिसऱ्या पानावर त्यानं हँडल सोडलं. माझ्याकडे पाहिलं. मी पुष्कळ विद्यार्थ्यांना नापास केलं आहे. पण असं कुणी पाहिलं नव्हतं. मग तो तडक जाऊन बसमध्ये बसला, शेवटच्या खिडकीशी, आणि काच ओढून घेतली.

सुपडू ताट धरून उभाच.

"सर," लोटूभाऊ म्हणाले, "त्यानी घंटी वाजाडी व्हती. आते जेवता तो. तुम्ही काबर ओढी लिधी?"

"लोटूभाऊ, तो पंच आहे."

"पंच?"

"निकाल देणारा. त्याला कुणाच्या घरचं पाणीसुद्धा चालत नाही. नियम आहे."

"मंग तो रुसना नही?"

"मुळीच नाही."

"पाणी... आपलं शे म्हणीसन नको म्हणना, असं नही?"

"कुणाचंच घेत नाही तो. कलेक्टरनं दिलं तरी घेणार नाही."

लोटूभाऊंनी बसच्या त्या खिडकीकडे पाहिलं. "मंग आपला मान गया नही?"

"उलट वाढला. असा माणूस आपल्या दारात येऊन बसला होता."

त्यांनी डोक्यावरचा फेटा सारखा केला. मग दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी त्या बंद खिडकीला नमस्कार केला. आतून पडदा ओढला गेला.

एवढ्यात सुशांत चाक घेऊन आला. बसला उशीर झाला होता, सगळे घाईत होते. निघताना वाटलेल्या टॉवेल-टोप्या घालून पोरं खिडक्यांतून हात हलवत होती, कॅप्टन उषाबाईंना पिवळा अंगठा दाखवत होता. सुशांतला विचारावंसं मला फार वाटलं. पण विचारायचं तर सायकलचं सांगावं लागणार. आणि साक्षीदार जितके कमी तितके बरे. मी नुसता हात हलवला.

पुढे कित्येक दिवस मी पेपर शेवटच्या पानापासून वाचत होतो. सामना कोण जिंकलं ते मला आज आठवत नाही. मी सायकलची बातमी शोधत होतो. सुशांत समोरून दिसला की रस्ता ओलांडायचो. सुदैवानं त्याची बदली भुसावळला झाली. बातमी आली नाही, पोलीस आले नाहीत. वाल्मिक ती सायकल मार्केटपर्यंत चालवायचा आणि मला पाहिलं की घंटी वाजवायचा.

लोटूभाऊंचं मात्र कल्याण झालं. लग्नकार्यात, पानाच्या ठेल्यावर, खात्यात, ते सांगू लागले, "अरे, परदेशना पंच मन्हा दारशी उना व्हता. असा कडक माणूस, पाणी बी पिना नही!" जी गोष्ट त्यांना इतकी वर्षं खुपत होती तीच आता ते छाती पुढे काढून सांगत. दोन वर्षांनी त्यांच्या धाकटीचं, योगिताचं लग्न ठरलं. वऱ्हाड सुरतेला आलं, पाणी प्यालं, बट्ट्या कमी पडल्या. मुलाचा एक मामा नेमका रुसला. लोटूभाऊंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मामा, आम्ही पंचलेसुद्धा सायकल दिधी नही. तुम्ही जेवाले चला." मामा मुकाट्यानं उठले.

हे सगळं माझ्या तर्कशास्त्रामुळे झालं, असा माझा समज बरीच वर्षं होता. मी तो कुणाला बोलून दाखवला नाही, पण होता.

अलीकडे भुसावळला सुशांतच्या मुलीचं, विशाखाचं लग्न झालं. सुशांत आता निवृत्तीला आलाय. पत्रिका आली, म्हणून चेतनबरोबर गेलो. मंगल परिणय झाला, जेवणं झाली, सुशांत माझ्यासाठी स्वतः पान घेऊन आला. या वयात आता कोण धरून नेणार, असा विचार करून मी धीर केला.

"सुशांत, तो संघ आला होता आपल्याकडे. त्यांच्याबरोबर जे पंच होते..."

"पंच?" तो हसायला लागला. "सर, पंच कधी एका संघाच्या बसमधून येतो का?"

हे मला सुचलं नव्हतं.

"मग तो तपकिरी कोटवाला कोण?"

"तो होय! मॅनेजरचा जावई. मुंबईपासून रुसून बसला होता. सगळ्यांना ट्रॅकसूट दिले, ह्यालाच नाही दिला सासऱ्यानं."

जावईच ना, मुलगा किंवा पुतण्या नाही ना, हे मी त्याला दोनदा विचारून खात्री करून घेतली. जावईच. सख्ख्या मुलीचा नवरा.

"मी बडोद्यापर्यंत बसमध्ये होतो, सर," सुशांत डोळे पुसत म्हणाला. "सासऱ्याशी बोलत नव्हता, पण मला सारखं एकच विचारत होता. म्हणायचा, सगळे लोक देत होते, मग त्या म्हाताऱ्यानंच सायकल का हिसकावली?"

(तेव्हा मी फक्त बासष्टचा होतो.)